मोटरीची उत्तरपूजा

शेठजी कोणत्याही मोटरीला पहिला हात लावायचे तो उलटा. पोराचा ताप पाहताना आई हाताची मागची बाजू कपाळाला टेकवते ना, तसा. तोही जेमतेम टेकवायचे आणि झटकन मागे घ्यायचे. मोटर वर्षभर कोपऱ्यात धूळ खात पडलेली असो, तिच्या वायरी उंदरांनी कुरतडून संपवलेल्या असोत, हा विधी चुकायचा नाही.

“शेठजी, तिच्या वायरी केव्हाच तोडल्यात,” मी म्हणायचो.

“ते तुमाले माहीत. तिले माहीत हाये का?” ते म्हणायचे.

उलटाच हात का, तर त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. विजेनं धरलं की मूठ आवळते. तळहात लावला तर मोटर सुटत नाही, उलटा हात लावला तर हात तरी सुटतो. हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

गंमत अशी की जळगावात विजेला सगळ्यात जास्त घाबरणारा हा माणूस विजेच्याच जुन्या सामानाचा व्यापारी होता. आजोबा राजस्थानातून लोटा घेऊन आले, बापाने लोखंडाचं भंगार केलं आणि शेठजींच्या वाट्याला मोटरी आल्या. नेरी नाक्याकडे त्यांचं दुकान होतं. जिनवाले, डाळमिलवाले, तेलघाणीवाले, ज्यांच्याकडे म्हणून एखादी मोटर, पंखा, स्टार्टर किंवा बॅटरी म्हातारी व्हायची, ते सगळे शेठजींना निरोप धाडायचे. मी तेव्हा एका जिनात स्टोअरकीपर होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आमच्याकडे मोटरी भरपूर आणि म्हणून शेठजींची ये-जाही भरपूर.

स्वच्छ धोतर, काळी टोपी, कानात अत्तराचा फाया आणि पायात रबरी चपला. बाराही महिने रबरी चपलाच. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात रेशमी अंगरखा घालून, गळ्यात मोत्यांची माळ मिरवत ते त्याच चपलांत उभे होते, कारण मांडवाला रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. माझ्या ऑफिसात आले की खुर्ची पंख्याखालून ओढून भिंतीशी नेत आणि घाम पुसत बसत. घरात कंदील. कुणी फारच खोदून विचारलं की शेठजी एवढी भीती कशाची बसली, तर म्हणायचे, “डराले कारन लागते का? साप चावल्याशिवाय सापाले भ्यायचंच नाही का?”

भाव करताना मात्र हा भित्रा माणूस वाघ व्हायचा. घासाघीस अशी, की आमच्या मालकांचा चहा थंड होऊन त्यावर साय धरायची. शेठजी साधे नव्हते, विनम्र तर मुळीच नव्हते. स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक ते स्वतःच इतकं करत, की दुसऱ्याला करायला जागाच उरायची नाही.

पण सौदा ठरला, की तराजू काढायच्या आधी ते मालकांना एक प्रश्न विचारायचे. “खंडेनवमीले हिची पूजा केली व्हती ना?”

“दरवर्षी करतो.”

“मंग उत्तरपूजा बी करा.”

तुम्ही जिनात किंवा छापखान्यात नोकरी केली असेल, तर खंडेनवमी तुम्हाला सांगायला नको. यंत्रं धुवायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. त्या दिवसापुरती मोटर देव होते. शेठजींचं म्हणणं एवढंच, की ज्याला देव केलं त्याला तसंच टाकून द्यायचं नाही. गणपतीची उत्तरपूजा झाली की अक्षता टाकून मूर्ती जागची जराशी हलवतात, म्हणजे देवत्व गेलं, आता विसर्जनाला हरकत नाही. मोटरीचंही तसंच. शेठजींच्या खिशात कुंकवाची आणि तांदळाची डबी असायची. अक्षता टाकायच्या, मोटर बोटभर सरकवायची, कंपनीची पितळी पाटी उचकटून काढायची आणि मग घणाने तिचे बिडाचे पाय फोडायचे. पाय फुटलेली मोटर कुठेच बसवता येत नाही.

“मुर्दाले मुर्दा म्हना,” घण खाली ठेवताना ते म्हणायचे. “नाही तर ते दुसऱ्याच्या घरी जाऊन उभं राह्यते.”

बाकीचे भंगारवाले जुनी मोटर रंग मारून चालू म्हणून विकायचे आणि दुप्पट कमवायचे. ते शेठजींना वेड्यात काढत. आम्हीही काढत होतो, फक्त हळू आवाजात.

असं नका समजू की हे सगळं शहाणपण ते आईच्या पोटातून घेऊन आले होते. वायरींचंच घ्या. जुन्या वायरीतलं तांबं काढायचा सोपा उपाय म्हणजे वायरीचा ढीग पेटवून द्यायचा. रबर जळून जातं, तांबं उरतं. शेठजीही तेच करायचे. एका चैत्रात त्यांनी दुकानामागे असा ढीग पेटवला आणि वारा फिरला. गल्लीतल्या यच्चयावत गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड वाळत होते. काळी काजळी सगळ्यांवर बसली. थोड्याच वेळात गल्लीतल्या बायका ताटं घेऊन दुकानात. एका अक्कांनी काळा बिबडा शेठजींच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, “खाय. तुह्या घरचा धूर हाये, तूच खाय.” शेठजींनी खरंच एक तुकडा खाल्ला. त्यानंतर त्यांनी वायर कधी जाळली नाही. त्याच बायकांपैकी काहींना कामावर ठेवलं आणि सुरीने वायरी सोलून घ्यायला लागले. वेळ चौपट लागायचा. पण गल्लीत पापड पांढरे राहिले आणि शेठजींना दर उन्हाळ्यात प्रत्येक घरचे बिबडे मिळायला लागले.

बॅटरीच्या बाबतीत त्यांची अट होती की भरलेलीच द्यायची. आतलं पाणी गटारात ओतून रिकामी केलेली बॅटरी ते घेतच नसत. आमच्या ड्रायव्हरने एकदा ते पाणी कुंपणाजवळच्या लिंबाच्या मुळाशी ओतलं होतं आणि झाड एका अंगाने वाळलं होतं. शेठजी जिनात आले की आधी त्या लिंबाजवळ जात, चुकचुकत आणि मग ड्रायव्हरकडे असं पाहत की तो बिचारा ट्रकखाली शिरायचा. आमच्या वॉचमनला स्टार्टरमधलं जुनं तेल गुडघ्यांना चोळायला हवं होतं. शेठजींनी ते डब्यात भरून घेतलं, कारण ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारे ते गाळून पुन्हा वापरायचे. वॉचमनला म्हणाले, “गुडघा जाईन तर जाऊ दे बाबा, कातडं ठेव.”

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

वैशाख होता. सावद्याचा डिगंबर नावाचा शेतकरी मालकांकडे आला. त्याचा कापूस आमच्याच जिनात यायचा, म्हणून ओळख. केळीचा बाग होता, घड लागलेले होते, आणि विहिरीवरची मोटर जळाली होती. उभा माणूस आत वाकलेला दिसत होता.

“मालक, दुसरं काई नको. पानी पायजे. केयी वायून चालली.”

आमचे मालक तापट, पण मनाने मोकळे. जागच्या जागी म्हणाले, “अरे, ती कोपऱ्यातली जुनी घेऊन जा. चालू आहे. फक्त जरा चावते.”

मोटर चावते म्हणजे तिच्या अंगात वीज उतरते. जिनात ती कोरड्या फरशीवर होती, माणसं लाकडी फळीवर उभी राहून काम करायची, त्यामुळे झिणझिण्यांवर भागत होतं. नेमके त्याच दिवशी शेठजी जुन्या सामानाचा सौदा करायला आले होते. भिंतीशी बसून सगळं ऐकत होते.

“कुठं बसवशीन?” त्यांनी डिगंबरला विचारलं.

“हिरीवर.”

“पाय कोरडे राह्यतीन?”

“शेठ, हिरीवर पाय कोरडे कसे राह्यतीन? पाटाचं पानी तिथूनच जाते.”

शेठजी उठले. मोटरीपाशी गेले, उलटा हात टेकवला, डबी काढली, अक्षता टाकल्या, मोटर बोटभर सरकवली. आम्हाला वाटलं, नेहमीचं चाललंय. काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी घण उचलला आणि मोटरीचे पाय फोडले.

मालक ओरडले, “अहो शेठ! सौदा कुठे झाला होता? माझी मोटर आहे ती!”

त्यांचं खरंच होतं. शेठजींनी दुसऱ्याची मोटर फोडली होती. चूक लक्षात आल्यावर त्यांनी घण हळूच भिंतीला टेकवून ठेवला आणि खिशातली डबी उगाच चाचपली. पण मालकांच्या ओरडण्यापेक्षा डिगंबरचं बोलणं जास्त लागलं. तो ओरडला नाही.

“तुमी मोटर नाही फोडली शेठ,” तो म्हणाला. “माहा बाग फोडला. आता घरी जाऊन काय सांगू?”

शेठजी धोतराचा सोगा हातात घेऊन उभे राहिले. मग मालकांना म्हणाले, “ट्रक द्या,” आणि डिगंबरला म्हणाले, “चाल माह्यासंग.”

मालकांनी ट्रक दिला. वर मला सांगितलं, “तूही जा. हा माणूस आता काय करतो ते बघून ये.” फुटलेली मोटर ट्रकात चढवली आणि आम्ही धुळ्याला निघालो.

धुळ्यात मोटरी भरून देणारा एक मिस्तरी होता. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरायचा. त्याच्या दुकानात एक मोटर भरून, रंगवून तयार होती. शेठजींनी तिच्याकडे बोट केलं.

“ती नही भेटाव, शेठ,” मिस्तरी म्हणाला. “हाई मोटर गिरनीवालानी शे.”

“गिरणीवाल्याचा गहू उद्या दळला तरी गहूच राह्यते,” शेठजी म्हणाले. “केळीचं तसं नाही. आमच्या मुर्दाचं तांबं घे, तेच वापरून त्याची दुसरी भर. मेलेल्याचं जित्याच्या कामी येऊ दे.”

पुढची घासाघीस मी ऐकली नाही, कारण भुकेने माझा जीव चालला होता आणि समोरच्या हॉटेलात भजी तळत होते. परत आलो तर मिस्तरी मोटरीला दोर बांधत होता आणि पुन्हा पुन्हा सांगत होता, “बठ्ठी तार नवी भरेल शे. जमिनीत अर्थिंगनी तार गाडा. आंगवर करंट येस नही.” शेठजींनी त्याच्याकडून ते तीन-चारदा वदवून घेतलं, शपथ घातली आणि तरीही मोटरीला उलटा हातच लावला.

परतीच्या रस्त्यात ट्रक जिथे थांबेल तिथे ते मला मागे पाठवायचे. “चूप बसली हाये ना?” जणू पिंजऱ्यात वाघीण नेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावद्याला डिगंबरच्या मळ्यात पोचलो. तुम्ही केळीचा तहानलेला बाग पाहिलाय का? पानं दुमडून खाली लोंबतात, आणि घड असलेलं झाड ओझ्याने अर्ध्यातूनच मोडतं. दोन-चार झाडं मोडून पडलीच होती. डिगंबरची बायको, म्हातारा बाप आणि शेजारच्या मळ्यातली माणसं विहिरीवर जमली. गावातल्या वायरमनने मोटर बसवली, अर्थिंगची तार गाडली, आणि स्टार्टरचा दांडा ओढला. पाइपातून आधी हवा खोकली, मग पाणी आलं. पाट भरून वाहायला लागला आणि सगळ्यांच्या पायाखालची माती ओली झाली.

तिथेच घोटाळा झाला. मोटरीजवळ कोणी जाईना. जळगावात शेठजींनी घण घातलेला डिगंबरने डोळ्यांनी पाहिला होता आणि सगळ्या वाटेने शेठजींची भीती कानांनी ऐकली होती. ती पुरती त्याच्या अंगात उतरली होती. उद्यापासून रोज ओल्या पायांनी हा दांडा त्यालाच ओढायचा होता. त्याची बायको पदर खोचून पुढे आली आणि शेठजींना स्पष्ट म्हणाली, “भाऊ, घेऊन जा हिले. बाग जाईन तर जाईन. मले मानूस पायजे.”

वायरमन हसला, मी समजावलं, म्हातारा चिडला. ती हलेना. डिगंबर वायरमनला म्हणाला, “बंद कर.”

“थांब,” शेठजी म्हणाले.

त्यांनी रबरी चपला काढल्या. खाली वाकून त्या नीट जोडीने बांधावर ठेवल्या. धोतर वर खोचलं आणि त्या चिखलात अनवाणी पाय टाकले. ज्या माणसाला मी पंख्याखाली बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, तो चालू मोटरीपाशी गेला. हात पुढे झाला तेव्हा सवयीने उलटाच होता. मग त्यांनी तो सुलटा केला आणि सबंध तळहात मोटरीच्या पाठीवर टेकवला. डोळे गच्च मिटलेले होते. ओठ हलत होते. मला वाटतं, माझेही हलत होते.

हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

“ऊन हाये,” शेवटी डोळे न उघडताच ते म्हणाले. “पन चावत नाही.”

मग डिगंबरच्या बायकोने हात लावला, मग डिगंबरने, मग म्हाताऱ्याने तर नातवाला थोपटावं तसं मोटरीला थोपटलं. शेठजी बांधावर येऊन मटकन बसले. आपल्या चपला कोणत्या हे त्यांना कळेना, मी त्या उचलून दिल्या. डिगंबर पाया पडायला वाकला तर त्याला म्हणाले, “पैशाचं केळी कापल्यावर पाहू. पन एक सांगून ठेवतो. ही एक दिवस मरनारच. मेली की माह्याकडं आनायची. रंग मारून दुसऱ्याले द्यायची नाही. कबूल?”

“कबूल,” डिगंबर म्हणाला.

ट्रकमध्ये त्यांनी पान लावायला घेतलं तर चुना धोतरावर सांडला. मी विचारलं, “भीती नाही वाटली?”

“लई वाटली,” ते म्हणाले. “पन डर माहा हाये. त्याच्यापायी तिच्या केळीनं काहून मरायचं?”

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी शेठजींची भीती गेली. छे. पुढच्याच आठवड्यात ते जिनात आले आणि दोन वर्षं बंद पडलेल्या टेबलफॅनला त्यांनी उलटा हात लावून पाहिला. बदललो ते आम्ही. ती गोष्ट मालक जो भेटेल त्याला तिखटमीठ लावून सांगत. फोडलेल्या मोटरीबद्दल त्यांनी शेठजींना पुढे कधी टोचलं नाही, उलट घण आमच्याच जिनात ठेवून घेतला. हळूहळू डाळमिलवाले, तेलघाणीवालेही नवी मोटर मागवायच्या आधी शेठजींना निरोप धाडायला लागले. “नव्याच्या आधी जुन्याची सोय” हे त्यांचं वाक्य बाजारात सगळ्यांच्या तोंडी झालं. आमच्याकडे तर खंडेनवमीला आधी म्हाताऱ्या यंत्रांची उत्तरपूजा आणि मग नव्यांची पूजा, असा पायंडाच पडला.

डिगंबरचा बाग जगला. दरवर्षी केळीची एक पाटी दुकानात यायची, आणि शेठजी ती गल्लीत वाटताना मोटरीची गोष्ट नव्याने सांगायचे. प्रत्येक वेळी मोटर जास्त मोठी आणि चिखल जास्त खोल व्हायचा.

मग एका हिवाळ्यात शेठजी गेले. आजार नाही, काही नाही. जेवून सुपारी कातरत बसले होते, तसेच. पुतण्याने पुढे त्या जागेत कापडाचं दुकान टाकलं. त्यात तो काही चुकला नाही, तरी त्या रस्त्याने जाताना मी बरीच वर्षं दुसऱ्या बाजूला पाहत होतो.

शेठजी गेल्यावरच्याच उन्हाळ्यात एक दिवस जिनाच्या फाटकाशी ट्रक थांबला. आतून डिगंबर उतरला. केस पिकले होते, पण ताठ होता. मागे केळीच्या पानांवर ती मोटर ठेवलेली होती.

“शेठचं दुकान सापडत नाही हो,” तो म्हणाला. “तिथं तर साड्या लावेल हायेत. मोटर आनली. मेली.”

मी त्याला सांगितलं. तो ट्रकच्या पायरीवर बसला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शेठजींची जितकी आठवण आली, तितकी त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती.

“फैजपूरचा एकजन मागत व्हता हिले,” तो मग म्हणाला. “रंग मारून विकतो म्हने. नवी मोटर बी घरी येऊन पडेल हाये. पन म्हटलं, नव्याच्या आधी जुन्याची सोय.”

मालक ऑफिसातून बाहेर आले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. आत गेले आणि देव्हाऱ्यातला नारळ, कुंकू आणि मूठभर तांदूळ घेऊन आले. चौघांनी मोटर अंगणात उतरवली. मी अक्षता टाकल्या. मालकांनी ती बोटभर सरकवली. पितळी पाटी निघाली. भिंतीला टेकवून ठेवलेला घण मी डिगंबरच्या हातात दिला.

त्याने तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग पुढे झाला आणि सबंध तळहात मोटरीच्या पाठीवर टेकवला, शेठजींनी त्या दिवशी ठेवला होता अगदी तिथेच.

“थंड हाये,” तो म्हणाला आणि त्याने घण उचलला.